वेब लायब्ररी: दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती हवी, की एकदा लिहिलेलं दहा वर्षं चालायला हवं?

नीराकाठ

आमची पुण्यातली छोटी कंपनी आहे. पतसंस्था, शिक्षणसंस्था, दोन बाजार समित्या असे ग्राहक. यांच्याकडे सॉफ्टवेअर एकदा बसलं की आठ-दहा वर्षं हलत नाही, आणि हलू नये हीच त्यांची अपेक्षा असते. मार्चअखेर, लेखापरीक्षण आणि सप्टेंबरच्या आतली सर्वसाधारण सभा बिनबोभाट पार पडली की संचालक मंडळ समाधानी.

आता याच्या खाली काय आहे ते बघा: वेब लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड. अँग्युलर या लायब्ररीची मेजर (पहिला आकडा बदलणारी) आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला सपोर्ट दीड वर्षाचा. व्ह्यू या दुसऱ्या लायब्ररीच्या आवृत्ती २ चा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२३ ला संपला. म्हणजे आठ वर्षांच्या कामात पाया चार-पाचदा तरी बदलायचा. त्यातून ग्राहकाला एकही नवं बटण दिसत नाही, त्यामुळे तो एक रुपयाही जास्त देत नाही. त्याचं तरी काय चुकलं?

माझं मत असं, की ज्या लायब्ररीवर इतक्या जणांचं काम उभं आहे तिने जुना कोड मोडू नये. नवीन सोयी हव्या तेवढ्या द्या, पण जुनं फंक्शन काढू नका. इथे या क्षेत्रातले बरेच जण आहेत. तुमचा अनुभव काय? वेगवान रिलीजच्या बाजूनेही लिहा, मला ती बाजू समजून घ्यायची आहे.

चहा_बिनसाखर

जिव्हाळ्याचा विषय. पहिल्या बाकावर जागा धरली आहे.

सॅनहोजेकर

नीराकाठ, तुमचा त्रास खरा आहे, पण गुन्हेगार चुकीचा पकडला आहे असं मला वाटतं. वारंवार रिलीज होणं आणि जुनं मोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अँग्युलरचंच घ्या. सगळ्यात जास्त नुकसान कधी झालं? अँग्युलरजेएसवरून (अँग्युलरची पहिली पिढी) अँग्युलर २ आलं तेव्हा. ऑक्टोबर २०१४ मध्ये पॅरिसच्या परिषदेत नव्या आवृत्तीचा आराखडा मांडला गेला. स्कोप, कंट्रोलर हे जुन्या रचनेचे मुख्य भाग जाणार, जुन्या कोडला सरळ वाट नाही. प्रत्यक्ष आवृत्ती सप्टेंबर २०१६ मध्ये आली. मधली दोन वर्षं लोक अधांतरी लटकले आणि कित्येक जण तेव्हाच दुसऱ्या एका लायब्ररीकडे, रिअ‍ॅक्टकडे वळले. ती सहा महिन्यांची आवृत्ती नव्हती. बरंच काही साठवून एकदम केलेली उलथापालथ होती.

त्यानंतर मार्च २०१७ मध्ये आवृत्ती ४ आली (३ वगळली, कारण पानं बदलणाऱ्या राउटर या भागाचा आकडा आधीच पुढे गेला होता) आणि तिथून आजपर्यंत बदल छोटे छोटे आहेत. अपडेटची कमांड चालवली की बरेचसे बदल तीच करून देते. दर सहा महिन्यांनी थोडं केलं तर काम आटोक्यात राहतं. आठ वर्षांनी एकदम करायला बसलात तर नवीनच लिहावं लागेल.

नीराकाठ

@सॅनहोजेकर, "थोडं केलं तर" यातलं थोडं कोण करणार? तुमच्याकडे त्यासाठी वेगळी टीम असेल. आमच्याकडे चार डेव्हलपर आणि पंचवीसेक ग्राहक आहेत. प्रत्येकाकडे वर्षातून दोनदा अपडेट म्हणजे कमांड चालवण्यापुरतं काम नसतं. कर्जाची परतफेड, ठेवीवरचं व्याज, पावतीची छपाई हे सगळं प्रत्येक वेळी पुन्हा तपासायचं. व्याजात दहा पैशांचा फरक पडला तरी सभासद काउंटरवर उभा राहतो.

टिळकरोडकाका

मी २००७ पासून संकेतस्थळे करतो आहे, म्हणून थोडा जुना दाखला देतो.

संकेतस्थळे बनवण्याच्या वर्डप्रेस या साधनाने अनेक वर्षे जेक्वेरी या लायब्ररीची १.१२.४ ही आवृत्ती सोबत बाळगली होती. जेक्वेरी स्वतः २०१६ मध्येच ३ वर गेली होती, तरीही. कारण उघड आहे. जगभरच्या थीम (तयार मांडण्या) आणि प्लगिन (जोडभाग) जुन्या पद्धतीने लिहिलेल्या होत्या. त्यांना सांभाळून घेण्यासाठी जेक्वेरी मायग्रेट नावाचा एक दुवा पानावर चढवलेला असे. काढून टाकलेली फंक्शने तो पुन्हा पुरवायचा आणि त्याची डेव्हलपरसाठीची प्रत ब्राउझरच्या कन्सोलवर (तपासणीच्या खिडकीत) इशारा देत राहायची. इशारे कोणी वाचले नाहीत. पान दिसते आहे ना, मग झाले.

ऑगस्ट २०२० मध्ये वर्डप्रेस ५.५ आले आणि तो दुवा काढला गेला. मेनू उघडेनात, स्लायडर थांबले, फॉर्मचे बटण दाबले तरी काही घडेना. मग दुवा परत जोडून देणारे एक प्लगिन वर्डप्रेसच्या लोकांनीच दिले आणि ते लाखो संकेतस्थळांवर बसवले गेले. डिसेंबरमध्ये ५.६ सोबत जेक्वेरी ३.५.१ आली.

यात दोष कोणाचा? माझ्या मते थीम विकून नाहीशा झालेल्यांचा. वर्डप्रेसने टप्पे पाडले, आधी सांगितले, अडलेल्यांना सोय दिली. जुने कधीच काढायचे नाही असे ठरवले असते तर आज २०१६ ची जेक्वेरी तिच्या सुरक्षेच्या भोकांसकट आपण सगळे चालवत असतो.

मुळशीचा_पाऊस

काका, अनेक सरकारी पोर्टलं अजून तीच चालवत आहेत, काळजी नसावी.

नीराकाठ

काकांनी सुरक्षेचा विषय काढलाच आहे, तर माझ्या तक्रारीचा दुसरा भाग सांगते.

पतसंस्थेच्या पोर्टलचं सुरक्षा ऑडिट होतं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या ऑडिटरचा अहवाल येतो आणि त्यात हमखास एक ओळ असते: जेक्वेरीची आवृत्ती जुनी, सीव्हीई-२०२०-११०२२ (जाहीर त्रुटीचा क्रमांक), ३.५.० किंवा पुढची वापरा. बरोबरच आहे ते. बाहेरून आलेलं एचटीएमएल (पानाची मांडणी लिहिण्याची भाषा) पानात घालताना स्क्रिप्ट चालू शकत होती, ती वाट एप्रिल २०२० मध्ये ३.५.० ने बंद केली.

पण ती बंद करताना काय बदललं ते बघा. आधी डिव्ह आणि स्पॅन हे टॅग स्वतःतच मिटवून एकापाठोपाठ लिहिले, तर जेक्वेरी त्यांना उघडून नीट बंद करायची आणि दोघे शेजारी शेजारी बसायचे. ३.५.० पासून जेक्वेरी त्या मजकुराला हात लावत नाही. ब्राउझरला डिव्ह बंद झालेलाच दिसत नाही, त्यामुळे स्पॅन त्याच्या पोटात जातो. आमच्या खातेउताऱ्याच्या पानावर रकमेचा रकाना तारखेच्या रकान्यात शिरला तो यामुळे. ते ग्रिड (तक्ता दाखवणारा भाग) दुसऱ्या कोणाचं होतं आणि त्यांनी ते सांभाळणं कधीच सोडलं होतं.

आकडा बघितला तर ३.४ वरून ३.५. मेजर आवृत्ती नाही. सेमव्हरच्या, म्हणजे मोडणारा बदल असेल तर पहिला आकडा वाढवायच्या, नियमाने काहीही मोडायला नको होतं. मग त्या आकड्यांवर विसंबायचं कशाला?

कोड_आणि_कांदेपोहे

@नीराकाठ, तुमचं उदाहरण नेमकं आहे, पण तिथे पर्याय काय होता? भोक होतं ते त्याच वागणुकीत होतं. वागणूक ठेवून भोक बुजवता येत नव्हतं. मेजर आवृत्ती काढली असती तर निम्म्या लोकांनी घेतलीच नसती आणि भोक तसंच राहिलं असतं. जेक्वेरीच्या लोकांनी अपग्रेडच्या टिपणीत हा बदल ठळक लिहिला होता आणि जुनी वागणूक हवी असेल तर तेवढं एक फंक्शन परत कसं बसवायचं तेही दिलं होतं. माझ्या दृष्टीने हा प्रामाणिकपणा आहे.

सेमव्हर म्हणजे मेंटेनरने (लायब्ररी सांभाळणाऱ्याने) केलेला अंदाज. आपल्या कोणत्या वागणुकीवर कोण विसंबून आहे हे त्याला कधीच पूर्ण कळत नाही.

रानजाई

याच मुद्द्यावर भाषेच्या पातळीवरची एक गोष्ट. जावास्क्रिप्टमध्ये (ब्राउझरमध्ये चालणारी भाषा) यादीतल्या (अ‍ॅरेतल्या) याद्या सपाट करणारं फंक्शन आणायचं होतं आणि त्याचं नाव ठरलं होतं 'फ्लॅटन'. २०१८ मध्ये फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ते आलं आणि काही जुनी संकेतस्थळं मोडली. कारण मूटूल्स. ही लायब्ररी तोवर जवळपास कोणी वापरत नव्हतं, पण तिने त्याच नावाचं आपलं फंक्शन अ‍ॅरेवर आधीच बसवलेलं होतं.

गंमत अशी, की मूटूल्स ब्राउझरचं फंक्शन खोडून आपलंच बसवत होती, त्यामुळे वरवर काहीच बिघडायला नको. पण ती पुढे एक लूप चालवून अ‍ॅरेवरची फंक्शनं आपल्या दुसऱ्या प्रकारांवर उतरवून घ्यायची. ब्राउझरने जन्माला घातलेलं फंक्शन अशा लूपमध्ये मोजलं जात नाही आणि त्यावर नवीन लिहिलं तरी तो गुण तसाच राहतो. म्हणून 'फ्लॅटन' मागे राहायचं आणि पान कोसळायचं.

शेवटी भाषेचं मानक ठरवणाऱ्या समितीने नाव बदलून 'फ्लॅट' केलं. मरणपंथाला लागलेल्या लायब्ररीसाठी साऱ्या जगाच्या भाषेतलं नाव बदललं, कारण वेब मोडायचं नाही हे तत्त्व. मला हे फार मोठं वाटतं. १९९० च्या दशकातलं पान आजही उघडतं ते अशा हट्टामुळे. ब्राउझर एवढं सांभाळतात तर लायब्ररींना का जमू नये?

सॅनहोजेकर

@रानजाई, कारण ब्राउझरमागे पगारी माणसं आहेत. शिवाय ब्राउझरची आवृत्ती आपण निवडत नाही, ती वाचणाऱ्याकडे असते. लायब्ररीची आवृत्ती मात्र मी माझ्या प्रकल्पात बांधून ठेवू शकतो. जुनी हवी तर जुनी ठेवा, कोणी हिसकावून घेत नाही.

रात्रपाळी

आतापर्यंत नुसतं वाचत होतो. "पगारी माणसं" वाचून लिहावंसं वाटलं.

मी एक लहानशी ओपन सोर्स लायब्ररी सांभाळतो, फॉर्ममधल्या तारखा आणि आकड्यांसाठीची. नोकरी वेगळी, हे रात्री. जुनी आवृत्ती चालू ठेवणं म्हणजे काय ते सांगतो. दोन शाखा ठेवायच्या. नव्या शाखेत दुरुस्ती केली की तीच जुनीत पुन्हा करायची, आणि जुनीतली रचना वेगळी असल्याने ती जशीच्या तशी बसत नाही. नोडच्या (जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवणाऱ्या साधनाच्या) तीन आवृत्त्यांवर चाचण्या. चाचणीची साधनं स्वतः जुन्या नोडला सोडून देतात, मग त्यांनाही जुन्या आवृत्तीवर अडकवून ठेवायचं. त्यात एका कंपनीच्या पत्त्यावरून संदेश येतो की अमुक दुरुस्ती जुन्या शाखेत शुक्रवारपर्यंत हवी. पैशांचा उल्लेख नाही. आभारही नाहीत.

तारखांच्या मोमेंट लायब्ररीच्या मेंटेनरांनी सप्टेंबर २०२० मध्ये काय केलं ते मला आदर्श वाटतं. त्यांनी लिहिलं की आमचं काम झालं आहे, यात आता नवीन काही येणार नाही, नव्या प्रकल्पात दुसरं काही वापरा, आणि पर्यायांची नावंही दिली. त्यांना कळलं होतं की तारखेची वस्तू जागच्या जागी बदलणारी ती रचना आता बदलता येणार नाही. बदलली तर असंख्य प्रकल्प मोडतील. म्हणून मोडण्यापेक्षा थांबले.

आणि माणूस पिचला की काय होतं तेही सगळ्यांनी पाहिलं आहे. जानेवारी २०२२ मध्ये कलर्स आणि फेकर या दोन पॅकेजच्या मेंटेनरने स्वतःच मुद्दाम बिघडवलेल्या आवृत्त्या काढल्या. मार्च २०१६ मध्ये अकरा ओळींचं लेफ्टपॅड एकाने काढून घेतलं तर जगभरचे बिल्ड (कोड जुळवून सॉफ्टवेअर तयार करण्याची कामं) थांबले. त्या कृतींचं मी समर्थन करत नाही. पण जुना कोड मोडायचा नाही ही अपेक्षा ज्याच्याकडून करायची, त्याच्या रात्रींचा हिशोब कोणीतरी मांडायला हवा.

चहा_बिनसाखर

रात्रपाळी, प्रतिसाद मनापासून आवडला. लायब्ररीचं नाव व्यनि (खासगी निरोप) करा, आमच्याकडून निदान आभार तरी पोचवतो.

कृष्णामाई_सांगली

थोडं अवांतर, पण संबंध आहे. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. वेगवान रिलीजची किंमत विद्यार्थी मोजतात, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

माझ्या वर्गातली निम्मी मुलं मराठी माध्यमातून आलेली. ती यूट्यूबवर चांगला मराठी किंवा हिंदी व्हिडिओ शोधतात आणि ओळ न ओळ टाइप करतात. व्हिडिओ २०२० चा. त्यात रिअ‍ॅक्ट राउटरचं 'स्विच' आहे, 'यूज हिस्टरी' आहे. आज इन्स्टॉल केलं की नवी आवृत्ती येते आणि नोव्हेंबर २०२१ च्या सहाव्या आवृत्तीपासून 'स्विच'च्या जागी 'राउट्स', 'यूज हिस्टरी'च्या जागी 'यूज नॅव्हिगेट'. पडद्यावर लाल अक्षरं. इंग्रजीत त्याची हजार उत्तरं आहेत, पण त्या मुलीला वाटतं तिलाच काही येत नाही. प्रकल्पाची सुरुवात ज्या साधनाने करायला शिकवायचे ते क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपही फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे बंद केल्याचं जाहीर झालं.

मराठीत शिकवणारे मुळात थोडे. त्यांनी दर वर्षी सगळे व्हिडिओ नव्याने करायचे का? जिथे लिहिणारे कमी, तिथे प्रत्येक बदल दुप्पट महाग पडतो. मी आता पहिलं सत्र निव्वळ एचटीएमएल, सीएसएस आणि साधी जावास्क्रिप्ट यावरच घेते. ते तरी टिकतं.

मुळशीचा_पाऊस

ताई, हे पटलं. माझा भाऊ याच 'स्विच'पायी रडकुंडीला आला होता. व्हिडिओखालच्या प्रतिक्रियांमध्ये कोणीतरी आवृत्तीचा आकडा लिहिला होता, त्यावर निभावलं.

कोड_आणि_कांदेपोहे

स्थिरतेच्या अतिरेकाचंही उदाहरण हवं. एक्स्प्रेस, सर्व्हरवरची लायब्ररी. चौथी आवृत्ती एप्रिल २०१४, पाचवी सप्टेंबर २०२४. दहा वर्षं!

या दहा वर्षांत जावास्क्रिप्टमध्ये असिंक-अवेट (वेळ लागणाऱ्या कामाची वाट बघण्याची सोपी पद्धत) आलं आणि सगळे तसंच लिहू लागले. पण एक्स्प्रेस ४ ला प्रॉमिस (त्या पद्धतीचा पाया) म्हणजे काय ते माहीत नाही. असिंक हँडलरमध्ये चूक झाली तर ती चूक हाताळणाऱ्या मिडलवेअरपर्यंत (मधल्या कोडपर्यंत) पोचतच नाही आणि विनंती तशीच लोंबकळत राहते. वापरणारा चक्री फिरताना बघत बसतो. म्हणून प्रत्येक प्रकल्पात कोणीतरी स्वतःचं वेष्टण लिहायचं किंवा त्यासाठी वेगळं पॅकेज घ्यायचं. पाचव्या आवृत्तीत हे आपोआप होतं. जी गोष्ट दोन वर्षांत द्यायला हवी होती ती दहा वर्षांनी दिली.

नीराकाठ

आणि मी म्हणेन की एक्स्प्रेसवर २०१४ मध्ये लिहिलेलं आमचं एक पावती सर्व्हर आजही चालू आहे, वर चौथ्या आवृत्तीच्या सुरक्षा दुरुस्त्या येत राहिल्या. पाचवीत जाताना काय बदलायचं तेही पानभर आहे. राउटमध्ये (पत्त्याच्या नमुन्यात) नुसता स्टार (*) चालत नाही, त्याला नाव द्यावं लागतं, असे मोजके बदल. दहा वर्षांनी पानभर काम मला आनंदाने मान्य आहे.

सॅनहोजेकर

एकाच लायब्ररीवरून दोघांनी उलट निष्कर्ष काढले, आणि दोघांचंही म्हणणं मला पटतं आहे.

माझा मुद्दा थोडा सुधारतो. मोडायचंच असेल तर कसं, याचे चांगले नमुने आहेत. एम्बर या लायब्ररीचं २.० ऑगस्ट २०१५ मध्ये आलं तेव्हा त्यात मुख्यतः आधीच इशारा दिलेल्या गोष्टी काढल्या. इशारे मिटवून १.१३ वर आलेल्याला २.० वर जाताना जवळपास काही करावं लागलं नाही. रिअ‍ॅक्ट १७ ऑक्टोबर २०२० मध्ये आली ती नव्या सोयींशिवाय. इव्हेंट (क्लिकसारख्या घटना) अख्ख्या पानाच्या डॉक्युमेंटऐवजी स्वतःच्या भागाच्या मुळाशी जोडले, जेणेकरून एकाच पानावर जुनी आणि नवी रिअ‍ॅक्ट सुखाने नांदेल आणि मोठा प्रकल्प तुकड्यातुकड्याने पुढे नेता येईल. मेजर आवृत्तीचा हेतूच पुढचं मोडणं सुसह्य करणं हा होता.

रानजाई

@सॅनहोजेकर, व्ह्यूचं विसरलात. व्ह्यू ३ सप्टेंबर २०२० मध्ये आली, पण व्ह्यूटिफायची (व्ह्यूवरच्या तयार कंपोनंटची लायब्ररी) तिच्याशी जुळणारी आवृत्ती २०२२ च्या अखेरीस आली. मुख्य लायब्ररी तयार आणि वरचे कंपोनंट तयार नाहीत, त्यामुळे आम्ही दोन वर्षं हलूच शकलो नाही. मग सपोर्ट संपायला एक वर्ष उरलं. आपल्या लायब्ररीच्या खांद्यावर दुसऱ्या लायब्ररी बसलेल्या असतात, त्यांचाही वेळ धरायला हवा.

टिळकरोडकाका

एक सावधगिरीची सूचना. नवी आवृत्ती आली की त्याच दिवशी घ्यायची ही सवय आता धोक्याची आहे. ८ सप्टेंबर २०२५ ला एका मेंटेनरला फसव्या मेलने गंडवून त्याचे एनपीएमचे (जावास्क्रिप्ट पॅकेजच्या कोठाराचे) खाते ताब्यात घेतले आणि चॉक, डीबगसारख्या आठवड्याला कोट्यवधी वेळा उतरवल्या जाणाऱ्या पॅकेजच्या विषारी आवृत्त्या टाकल्या. काही तासांत त्या काढल्या, पण तेवढ्या वेळात ज्यांचे बिल्ड झाले त्यांचे काय?

पॅकेजच्या फाइलीत आकड्याआधी कॅरेटचे (^) चिन्ह असते, त्यामुळे लॉक फाइल (नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी) नसली की नवी मायनर आवृत्ती न विचारता आत येते. म्हणून लॉक फाइल गिटमध्ये ठेवावी आणि सर्व्हरवर साधे इन्स्टॉल न करता लॉक फाइल काटेकोर पाळणारी 'सीआय' कमांड वापरावी. पीएनपीएम या पर्यायी साधनात आता आवृत्ती ठरावीक काळ जुनी झाल्याशिवाय घ्यायचीच नाही अशीही सोय आहे. आम्ही आठवडाभर थांबतो. ज्ञात भोकाची दुरुस्ती असेल तरच लगेच.

नीराकाठ

सगळ्यांचे आभार. माझं मत थोडं सरकलं आहे. जुनं कधीच काढू नका हा आग्रह सोडते, रात्रपाळींनी लिहिल्यानंतर तो धरवत नाही. पण किती वर्षं सांभाळणार ते पहिल्या दिवशी सांगा, ही मागणी कायम.

आता थेट प्रश्न. पुढच्या महिन्यात एका पतसंस्थेचं नवं काम सुरू होतंय. तुम्ही काय निवडाल?

रानजाई

जँगो (पायथनमधली, सर्व्हरवर चालणारी), एलटीएस म्हणजे दीर्घकाळ सपोर्ट असलेली आवृत्ती. दर दोन वर्षांनी एलटीएस येते आणि तिला तीन वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. आत्ताची ५.२ एप्रिल २०२५ ची, म्हणजे एप्रिल २०२८ पर्यंत निश्चिंत. एका एलटीएसवरून पुढच्यावर जायला वर्षभराची मोकळीक असते आणि काही काढायचं तर आधी इशारा येतो. पानं सर्व्हरवरच बनवा, लागेल तिथे साधी जावास्क्रिप्ट. पतसंस्थेच्या काउंटरला याहून जास्त काय लागतं?

सॅनहोजेकर

माझा धंदा फ्रंटएंडचा (ब्राउझरमधल्या भागाचा) असूनही रानजाईंना अनुमोदन. अवलंबित पॅकेज जेवढी कमी तेवढं बरं.

कोड_आणि_कांदेपोहे

तंत्र काहीही निवडा, एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) दोन कलमं वेगळी लिहा. सुरक्षा दुरुस्त्या एएमसीच्या रकमेत. पायाभूत आवृत्तीबदल दर दोन वर्षांनी, वेगळ्या अंदाजपत्रकासह, काम मे ते जुलैमध्ये. आम्ही हे सुरू केल्यावर घासाघीस झाली, पण ऑडिटरचा अहवाल पुढे ठेवला की संचालक ऐकतात. त्या खर्चातली थोडी रक्कम वापरत असलेल्या लायब्ररींना देणगी म्हणूनही घालतो.

रात्रपाळी

त्या शेवटच्या वाक्याबद्दल धन्यवाद. कलमाचा मसुदा इथे टाकता येईल का? आमच्या कंपनीतही दाखवतो.

कोड_आणि_कांदेपोहे

ग्राहकाचं नाव काढून उद्या टाकतो.

नीराकाठ

नक्की टाका. त्यात बाहेरून घेतलेल्या ग्रिड-चार्टसाठी काही ओळ आहे का? आमचं घोडं तिथेच अडतं.

कोड_आणि_कांदेपोहे

आहे. बाहेरचं पॅकेज दीड वर्ष हललं नाही तर ते बदलण्याचं काम आवृत्तीबदलात धरलं जाईल, असं लिहिलं आहे. ग्राहकाने सही करण्याआधी त्या पॅकेजची यादी जोडायची, म्हणजे नंतर वाद नको.